तांबड्या दिव्याची साक्ष

बंगळूरच्या टाऊन हॉलजवळून जाणाऱ्या जयचामराजेंद्र रस्त्याला सारे शहर ‘जे. सी. रोड’ या आखूड नावानेच ओळखते. म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या रस्त्यावर राजवैभवाची खूण शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. तेथे दिसतात ती मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने. या दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकांत एक वर्ग असा असतो की, त्याची मुद्रा पाहताच दुकानदाराने काय ते ओळखावे. त्याने चार-आठ दिवसांपूर्वी नवा भाग नेलेला असतो, तो गाडीत बसवलेला असतो, पैसे चुकते झालेले असतात, आणि गाडीचे दुखणे मात्र जेथल्या तेथेच असते.

समजा, जयनगरात राहणारे एक गृहस्थ आहेत. दहा-बारा वर्षे वापरलेली लहान मोटार घेऊन ते रोज होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीला कामावर जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. एके दिवशी सकाळी सेल्फ नीट ओढीना. शेजाऱ्यांनी निदान केले, ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी आली. दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी पुन्हा तोच रडवा आवाज. आता मेकॅनिकने निदान केले, ‘अल्टरनेटर चार्जिंग करत नाही.’ जे. सी. रोडवरून जुन्याच्या बदल्यात दुरुस्त करून नव्यासारखा केलेला अल्टरनेटर आणून बसवला. दिवसा सारे ठीक वाटले. पण त्याच दिवशी परतीच्या वाटेवर हेडलाइट लावल्यावर समोरच्या फळ्यावरील बॅटरीचा तांबडा दिवा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, मंद चमकू लागला.

येथून पुढे जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दुकानदाराने रंगवलेला भंगार माल गळ्यात मारला असे मेकॅनिक म्हणतो. मेकॅनिकला बसवताच आले नाही असे दुकानदार म्हणतो. आणि दोघांनी मिळून आपल्याला लुबाडले असे ते गृहस्थ मनात म्हणतात. यात केवळ काही हजार रुपयांचा प्रश्न नसतो. एका कारागिराच्या नावाचा प्रश्न असतो, आणि त्याहून अधिक म्हणजे पावसाळी रात्री उड्डाणपुलावर गाडी बंद पडण्याचा प्रश्न असतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत सुकाणूला मदत करणारी मोटरदेखील विजेवर चालते. दाब फार खाली गेला की दिवे मंदावतात आणि सुकाणूही एकाएकी जड होते.

वस्तुतः नवा भाग बसवल्याने जुना भाग खराब होता असे सिद्ध होत नाही. तसे सिद्ध व्हायचे तर बसवण्यापूर्वी काही मोजलेले असावे लागते आणि बसवल्यानंतर तेच पुन्हा मोजावे लागते. पुष्कळ ठिकाणी दोन्ही होत नाही, कारण मोजायला दहा मिनिटे लागतात आणि त्यांचे पैसे मागायला मेकॅनिकला संकोच वाटतो. भाग बदलला म्हणजे निदान काहीतरी केल्याचे दिसते!

चार्जिंगची व्यवस्था हा एक भाग नसून फेरा आहे, ही गोष्ट बंगळूरकरांना तरी नवी वाटू नये. कावेरीवरील शिवनसमुद्रच्या विद्युत्‌गृहातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. मधले अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. तीच वीज १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे होऊन उजळली. धबधब्यावरची यंत्रे कितीही जोराने फिरली तरी वाटेतली एक तार निसटली की खाणीत अंधार. बॉनेटखाली हाच पसारा हातभर जागेत मांडलेला असतो. धबधब्याच्या जागी इंजिन, पात्याच्या चक्राच्या जागी रबरी पट्टा आणि पुली, लांबच लांब तारांच्या जागी बोटाएवढी जाड वायर. वीज जन्माला येते तीही त्याच न्यायाने. फिरते चुंबक तारेच्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न करते हे फॅरडेने १८३१ साली दाखवले होते. अल्टरनेटरमधील वीज शिवनसमुद्रच्या विजेप्रमाणेच उलटसुलट वाहणारी असते. तिला एका दिशेने वाहायला लावण्याचे काम त्याच्याच पोटातील डायोड करतात, आणि दाब ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो.

पूर्वी गाड्यांत अल्टरनेटर नसे, डायनॅमो असे. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आणला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. डायनॅमो गेला, परंतु त्याच्याबरोबर जन्मलेल्या काही समजुती मात्र गॅरेजांत मागे राहिल्या. त्यांतली एक समजूत धोक्याची आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची क्लॅम्प काढायची. इंजिन चालतच राहिले तर चार्जिंग ठीक, बंद पडले तर बिघाड, अशी ही परीक्षा. डायनॅमोच्या काळात ती बहुधा निभावून जाई. अल्टरनेटर भर प्रवाह देत असताना मात्र बॅटरी एकाएकी दूर झाली की तो प्रवाह जाणार कोठे? क्षणभर दाब ऐंशी व्होल्टांच्या आसपास उसळू शकतो. डायोड, रेग्युलेटर, क्वचित इंजिनाचा संगणकदेखील त्या क्षणात बळी पडतो. म्हणजे नवा अल्टरनेटर चांगला आहे की नाही हे पाहण्याच्या नादात तो बिघडवला जातो, आणि मग परीक्षेत तो बिघडलेलाच ठरतो.

डायनॅमोची दुसरी आठवण त्याहून मनोरंजक आहे. नवा डायनॅमो बसवला की त्याच्या लोखंडात उरलेले किंचित चुंबकत्व कोणत्या दिशेचे आहे हे पाहावे लागे. इंग्लंडातून आलेल्या पुष्कळ जुन्या मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. इतर गाड्यांत ऋण टोक. चुकीच्या दिशेचा डायनॅमो बसला तर वीज उलटी निर्माण होई. म्हणून बसवल्यावर बॅटरीतून एक तार क्षणभर फील्डच्या टोकाला लावून त्याला ‘दिशा’ दिली जाई. जुन्या गाड्या जिवापाड जपणारे शौकीन बंगळुरात थोडे नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याचा दुरुस्त होऊन आलेला डायनॅमो मुकाट बसला, तर प्रथम ही दीक्षा राहून गेली की काय ते पाहावे.

अल्टरनेटरला अशी दीक्षा लागत नाही. परंतु जागे होण्यासाठी त्यालाही बाहेरून थोडा प्रवाह लागतो. तो कोठून येतो? अनेक गाड्यांत तो त्या तांबड्या दिव्यातूनच येतो. या दिव्याला लोक नुसता निरोप्या समजतात. तो निरोप्याही आहे आणि यंत्राचा भागही आहे. चावी फिरवली की बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून अल्टरनेटरच्या फिरत्या वेटोळ्यात शिरतो आणि तेथून सांगाड्यात उतरतो. म्हणून दिवा पेटतो, आणि त्याच वेळी वेटोळ्यात चुंबकत्व येते. इंजिन सुरू झाले, अल्टरनेटर स्वतःची वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच दाब येतो. दाबात फरक नाही म्हणजे प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही म्हणून दिवा विझतो. चार्जिंग सुरू झाल्यावर कोणी दिवा बंद करीत नाही. दोन्हीकडून सारखे ओढले गेल्यामुळे तो आपोआप निवतो.

एवढे समजले की दिव्याची साक्ष वाचता येते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागलाच नाही तर पुष्कळांना हायसे वाटते. तेथेच काळजी करायला हवी. दिवा जळून गेला असेल, त्याचा फ्यूज उडाला असेल, किंवा अल्टरनेटर बसवताना मागची बारीक वायर जोडायची राहिली असेल. अशा वेळी कोरा करकरीत अल्टरनेटरदेखील झोपूनच राहतो. कधी कधी इंजिन जोराने फिरवल्यावर लोखंडातील उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो जागा होतो आणि पुढे व्यवस्थित काम करतो. ‘एकदा रेस दिली की चार्ज होते’ अशी तक्रार आली की अल्टरनेटरला हात लावण्याआधी दिवा पाहावा. काही नव्या गाड्यांत दिव्याला हे काम दिलेले नसते; तेथे ही साक्ष लागू पडत नाही. याच्या उलट, चावी काढून घेतल्यावरही दिवा मिणमिणत राहिला तर आतला एखादा डायोड फुटला असल्याचा संशय घ्यावा. त्या वाटेने रात्रभर बॅटरी उलटी रिकामी होत असते, आणि सकाळी दोष बॅटरीवर येतो.

राहिला मंद चमकणारा दिवा. जयनगरच्या गृहस्थांच्या गाडीत हाच प्रकार होता, आणि तोही फक्त रात्री. दिवा मंद चमकतो याचा अर्थ त्याच्या दोन टोकांवरील दाब सारखा नाही, पण फारसा वेगळाही नाही. दीड-दोन व्होल्टांचा फरक आहे. एका टोकाला बॅटरीकडचा दाब, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरकडचा. म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये वाटेत कोठेतरी दीड-दोन व्होल्ट हरवत असावेत, किंवा अल्टरनेटरच्या पोटात एखादा डायोड अर्धमेला असावा. यांतले कोणते, हे ठरवायला मल्टिमीटर हवा. तो काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यावाचून दोन भाग बदलून झाले होते.

पहिले माप इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर, बॅटरीच्या दोन टोकांवर घ्यायचे. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. साडेदहाच्या आसपास दाब अडकून राहिला असेल, तर सहांपैकी एक कप्पा मेला असे समजावे; अशी बॅटरी नव्या अल्टरनेटरला सतत पूर्ण ताकदीने राबवून तापवते आणि अकाली संपवते. जुन्या भागाचा खुनी नव्याची वाट पाहत गाडीतच बसलेला असतो, तो असा. रिकाम्या बॅटरीला भरण्याचे काम अल्टरनेटरवर न टाकता ती आधी बाहेर चार्ज करून घ्यावी, या सल्ल्याचे कारणही हेच.

दुसरे माप अल्टरनेटरच्या मागील जाड खिळ्यावर, इंजिन बंदच असताना. तेथेही बॅटरीएवढाच दाब दिसला पाहिजे. काहीच दिसले नाही तर मधला मोठा फ्यूज उडाला आहे. हा फ्यूज बहुधा बसवणाऱ्याच्याच हातून उडतो: बॅटरीची सांगाड्याकडची क्लॅम्प न काढता तो जाड नट आवळायला जातो, पान्याचे दुसरे टोक इंजिनाला लागते, एक ठिणगी उडते, आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणत काम पुढे चालू राहते.

तिसरे माप इंजिन चालवून. बाह्या सावरून आणि हात पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवूनच ते घ्यावे. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. त्यानंतर हेडलाइट, हवेचा पंखा, वातानुकूलन हे सारे लावून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून, तेच माप पुन्हा घ्यावे. बिनभाराच्या वायरीवर घेतलेले माप फसवे असते. वायरीच्या आतल्या तारा तुटून एखाददुसरी शिल्लक असली तरी मल्टिमीटर पूर्ण दाब दाखवतो, कारण त्याला स्वतःला लागणारा प्रवाह नगण्य असतो. एका तारेवरून मुंगी जाते; बैलगाडी जाईल की नाही ते बैलगाडी घातल्याखेरीज कळत नाही.

गृहस्थांच्या गाडीवर ही मापे अखेर एका जुन्याजाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने घेतली असे समजू. दिवे बंद असताना बॅटरीवर १३.८ दिसले. सर्व भार लावल्यावर ते १२.७ वर घसरले. येथे थांबले असते तर दुसराही अल्टरनेटर गुन्हेगार ठरून परत गेला असता. पण त्याने मल्टिमीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकावरच ठेवून लाल सळई अल्टरनेटरच्या खिळ्यावर टेकवली. तेथे १४.३ होते. अल्टरनेटर आपले काम चोख करीत होता, १.६ व्होल्ट वाटेत नाहीसे होत होते. हिशेब सोपा आहे. चाळीस अँपिअरचा प्रवाह आणि ओहमचा पंचविसावा भाग रोध, यांचा गुणाकार १.६. एवढासा रोध नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हाताला मात्र कळतो: चाळीस गुणिले १.६ म्हणजे ६४ वॅट उष्णता त्या एका जागी निर्माण होते. जाड वायरीच्या टोकाची कडी चटका बसण्याइतकी तापली होती. तिच्यावरचे प्लास्टिक मागे सारताच आतले तांबे हिरवे-काळे पडलेले दिसले. अर्ध्याहून अधिक तारा तुटलेल्या होत्या. नवा अल्टरनेटर बसवताना हीच वायर जुन्यावरून काढून नव्यावर आवळली होती.

दिवसा प्रवाह थोडा, म्हणून दाबाची घट थोडी आणि दिवा विझलेला. रात्री प्रवाह मोठा, म्हणून घट मोठी आणि दिवा मिणमिणता. बॅटरीला दिवसा थोडेफार मिळे. संध्याकाळच्या तासाभराच्या प्रवासात जवळजवळ काहीच मिळत नसे. दिव्याने पहिल्याच रात्री बरोबर जागा दाखवली होती, परंतु त्याची भाषा कोणी विचारली नाही.

तथापि या साक्षीदारालाही सारे दिसते असे नाही. हीच घट धन वायरीत न होता इंजिन आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या पट्टीत झाली असती, तर दिव्याची दोन्ही टोके सारखीच राहून तो विझलेलाच राहिला असता आणि बॅटरी मात्र उपाशी मेली असती. म्हणून इंजिन चालू, भार लावलेला, अशा स्थितीत एक सळई अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून तेही माप घ्यावे. दोन-दशांश व्होल्टांहून अधिक आले तर पट्टी सोडवून, रंग व गंज खरवडून, पुन्हा आवळावी. गाडीला नुकताच नवा रंग दिला असेल तर येथूनच सुरुवात करावी.

पट्ट्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. ढिला असला की किंचाळतो, झिजून गुळगुळीत झाला की न किंचाळताही घसरतो, आणि तेल लागले असेल तर दोन्ही. अल्टरनेटर काढताना पट्टा सोडावा लागतो, आणि घाईत तो पुन्हा पुरेसा ताणला जात नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

बंगळूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण तेथे कोणताही भाग खराब नसताना बॅटरी उतरते. ऑगस्टच्या पावसात सिल्क बोर्डच्या चौकात सायंकाळी अडकलेली मोटार डोळ्यांपुढे आणावी. इंजिन मिनिटाला साताठशे फेऱ्यांनी नुसते घुरघुरते आहे. दोन्ही हेडलाइटना मिळून नऊ-दहा अँपिअर, आतल्या पंख्याला दहा-बारा, रेडिएटरच्या पंख्याला तितकेच, काच पुसणाऱ्या वायपरला चार-पाच, वर वातानुकूलनाचा क्लच, इंधनाचा पंप, ठिणगी, मोबाइल. बेरीज चाळिसाच्या पुढे जाते. पासष्ट अँपिअरचा म्हणून विकलेला अल्टरनेटर त्याचा पूर्ण आकडा इंजिन वेगात असताना देतो. एवढ्या मंद फेऱ्यांवर तो त्याच्या निम्म्याने दिले तरी पुष्कळ. तूट बॅटरी भरून काढते. तासभर असे चालले आणि शेवटचे दोन किलोमीटरच काय ते गाडी धावली, तर सकाळी सेल्फ कण्हणारच. अशा गाडीचा अल्टरनेटर तपासणीच्या मेजावर नेला तर निर्दोष सुटेल, बॅटरीही सुटेल. येथे बिघाड नाही, जमाखर्चाचा मेळ नाही. मागच्या काचेचा हीटर विसरून चालू राहिला असेल तर तो बंद केल्यानेही बरेच साधते.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटरला इंजिनाचा संगणक हुकूम देतो. इंधन वाचवण्यासाठी तो कधी मुद्दाम चार्जिंग कमी करतो, आणि वेग उतरताना ते वाढवतो. तेथे बॅटरीवर साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटर काढायला घेणे म्हणजे उपासाच्या दिवशी न जेवणाऱ्याला आजारी ठरवण्यासारखे आहे. शिवाय अशा काही गाड्यांत नव्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर संगणकाशी त्याच भाषेत बोलणारा नसेल, तर भाग चांगला असूनही दिवा पेटलेलाच राहतो. खिळे आणि भोके जुळली म्हणजे भाग जुळला, ही खात्री आता देता येत नाही. क्रमांक ताडूनच तो घ्यावा.

जयनगरच्या गृहस्थांच्या गाडीला अखेर हातभर नवी जाड वायर आणि दोन कड्या लागल्या. भार लावल्यावर बॅटरीवर १४.१ दिसले, आणि त्या रात्री होसूर रस्त्यावर तांबडा दिवा पूर्ण विझलेला होता. आपला पहिला अल्टरनेटरही चांगलाच असावा हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा ते जे. सी. रोडवर पुन्हा गेले. पण तो बदल्यात दिलेला होता. दुकानदाराने त्याला मेजावर फिरवून पाहिले होते, पुसून, रंगवून फळीवर ठेवले होते, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसला होता.